जुळवायची की तयार घ्यायची

सेवाग्रामचा दवाखाना बराच मागे पडला होता आणि वर्धा अजून दूर होतं, तेव्हा प्रेमदासदादा पहिल्यांदा बोलला. तोवर कितीतरी ऑटोवाल्यांनी आमच्याजवळ येऊन वेग कमी केला, "वर्धा, वर्धा" म्हणून पाहिलं. दादानं दरवेळी हात हलवून त्यांना पुढं काढलं. ऊन चांगलंच तापलं होतं. माझ्या हातात जेवणाचा रिकामा डबा, त्याचे हात मोकळे.

"दादा, बसू ना एखाद्यात," मी म्हटलं.

"ऑटोत बसलो का दुकान लवकर येते," तो म्हणाला. "मले अजून ठरवाचं आहे."

ठरवायचं होतं ते कोणाला सांगितलं तर हसू येईल. त्याच्या मुलाला, अश्वजितला, खेळ खेळायचा मोठा कॉम्प्युटर हवा होता. तो सुटे भाग आणून घरी जुळवायचा, की दुकानातून तयार उचलून आणायचा, एवढाच प्रश्न. पण दवाखान्यातून निघाल्यापासून दादा त्या प्रश्नाखाली वाकून चालत होता.

प्रेमदासदादा माझा चुलत भाऊ. अल्लीपूरला बस थांबते तिथं त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणतात. मी लहानपणापासून त्याचं काम पाहत आले. जळालेली मोटार समोर आली की तो तार उपसायला घेत नाही. आधी ती कशानं जळाली ते शोधतो. ते समजल्याशिवाय हात लावत नाही. मग नवी तार भरतो, वार्निश देतो आणि ते पुरतं वाळेपर्यंत करंट लावत नाही. शेतकरी दारात उभा राहून ओरडतो, "गहू सुकून राह्यला ना गा प्रेमदास!" दादा मान वर न करता म्हणतो, "अन् आज नेली अन् उद्या परत जळली त?" त्याच्या समोर दुसरं दुकान निघालं. तिथं सकाळी दिलेली मोटार संध्याकाळी मिळते. अर्धी गिऱ्हाइकं तिकडे गेली. दादाची रीत काही बदलली नाही.

अश्वजितला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. आमच्याकडे हा आजार घरोघरी माहीत आहे, समजावून सांगावं लागत नाही. दादाच्या रक्तात अर्धा, धुरपतावहिनीच्या रक्तात अर्धा, आणि पोरात पूर्ण. त्यांच्या लग्नाच्या वेळी रक्त तपासा म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. हाडं दुखायला लागली की तो भिंतीकडे तोंड करून पडतो आणि ओरडत नाही. कॉलेज दोन वर्षं केलं, मग सुटलं. खुब्याचं हाड झिजलं म्हणून चालणंही कमी झालं.

तो मोबाइलवर खेळायचा. मारामारीचे खेळ त्याला आवडत नाहीत. त्याला ट्रक चालवायचा असतो. कुठल्या तरी परदेशातल्या लांब रस्त्यावरून माल भरून न्यायचा, सिग्नलला थांबायचं, पाऊस आला की वायपर लावायचा. ते मोठ्या पडद्यावर नीट चालायला तशीच मोठी मशीन लागते म्हणे.

"ट्रकच चालवाचा त एवढी मशीन कायले?" दादानं विचारलं होतं. "अल्लीपुरात कोणीबी शिकवन."

"खऱ्या ट्रकचा क्लच माह्या पायानं दबन का बाबा?" अश्वजित म्हणाला होता. चिडून नव्हे, हसतच.

मग सुटे भाग जुळवायची कल्पना अश्वजितनं काढली तेव्हा दादा उजळला. तयार मशीन म्हणजे बंद खोका, आत काय भरलं कोणाला ठाऊक. आपण जुळवली तर एकेक भाग ओळखीचा राहील. दादाला हे लगेच पटलं. मात्र रीत त्याची. मोटारीत आधी बॉडी लागते, म्हणून त्यानं सर्वांत आधी कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा खोका, आणलं. काचेच्या बाजूचं, रंगीत पंख्यांचं, आतून रिकामं. ते कितीतरी दिवस घरात तसंच उभं राहिलं.

"काय वो, याच्यात आता तांदूळ भरू का?" वहिनी विचारायची.

"भरजो. पंखे आहेत, कीड नाई लागनार," अश्वजित म्हणायचा.

मग पॉवर सप्लाय आला. दादानं तो आपल्या मीटरवर तपासून पाहिला. मग बोर्ड आला. खेळाचं चित्र पडद्यावर आणणारं कार्ड तेवढं राहिलं होतं. एक भाग काय काम करतो ते समजल्याशिवाय दुसरा आणायचा नाही, असं बापलेकात ठरलं होतं. पोरगा मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, दादा मधेच थांबवायचा. "मागं घे. ते तार कुठून गेली ते पाहू दे." पोरगा म्हणायचा, "बाबा, हे मोटार नाई. याले वार्निश लागत नाई." मी रविवारी गेले की दोघं जमिनीवर बसलेले दिसायचे. विहारातून वंदना करून यावं आणि मन जसं शांत असावं, तसं मला त्या घरात वाटायचं. ते दिवस चांगले होते. मधूनमधून दवाखाना व्हायचा, तेव्हा काम थांबायचं. परत आले की पुन्हा सुरू.

या खेपेला छातीत भरलं. श्वासासाठी नळी लावली. ती निघाली, तो बोलायला लागला, पण त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि वहिनीला बाहेर बोलावलं. मी डबा घेऊन पोहोचले तेव्हा त्या म्हणत होत्या, "दोन दिवसांत घरी न्या. त्याला जे आवडतं ते करू द्या. पुढच्या वेळेचं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही." त्या गेल्या. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि दादाला एवढंच म्हणाली, "तयार आना."

म्हणून आम्ही चाललो होतो.

"वहिनी बरोबर म्हणते," मी म्हटलं. "घरी आल्याबरोबर खेळेल तो."

"खेळन ना." दादा थांबला. रस्त्याच्या कडेला लिंबाची सावली होती, तिच्यात उभा राहिला. "पन तयार मशीन पाह्यली का त्याले समजन."

"काय समजेल?"

"का बापाले आता वेळ दिसून नाई राह्यला."

दादा पुढं बोलला, "परवा नळी निघाल्याबरोबर काय म्हने माहीत आहे? बाबा, कार्ड राह्यलं आपलं. घाई नोको करू, आपन जुळवू. असा म्हने. आता मी तयार खोका नेऊन ठेवू त्याच्यापुढं? अन् नाई नेला, अन् तो..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि चालायला लागला. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणत त्याच्या मागून गेले. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

दुकानदार ओमप्रकाश दादाला ओळखत होता. "आओ भाऊ. छोकरा नाई आला? मागच्या वेळी तर तोच मले शिकवून राह्यलता."

"दवाखान्यात आहे," दादा म्हणाला. "ते कार्ड आलं का?"

"मागवावं लागते. वरून माल येऊन नाई राह्यला."

"कधीपर्यंत?"

"तारीख नाई सांगू शकत भाऊ. आठ दिवस म्हणो, महिना म्हणो."

दादा काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. तारीख नाही, असं तो स्वतः आयुष्यभर लोकांना सांगत आला होता. त्या दिवशी त्याला ते ऐकून घ्यावं लागलं. मग त्यानं काचेमागं लुकलुकणाऱ्या तयार मशीनकडे बोट केलं. "हे खोलून दाखव."

ओमप्रकाशनं बाजूची काच काढली. दादानं चष्मा पुसला, आत वाकला, एकेक तार बोटानं धरून कुठून कुठं जाते ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोनं जुळवलं हे?"

"कंपनीतून येते ना भाऊ."

"म्हनजे कोनंच नाई," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "काम साफ आहे पन. बांधून दे."

पैसे देताना त्यानं घासाघीस केली नाही. ओमप्रकाशनं स्वतःहून एक माउस त्यात टाकला आणि "छोकऱ्याले सांगजा, मी विचारलं म्हणून" असं म्हणाला.

आता मात्र ऑटो केला. खोका आधी घरी नेऊन ठेवायचा होता, म्हणून बजाज चौकात जायचं होतं; अल्लीपूरकडची बस तिथून सुटते. खोका आमच्या दोघांच्या मधे ठेवला. दादानं त्यावर हात ठेवला होता, हिसका बसला की तो दाबून धरायचा. चेहऱ्यावर निवांतपणा नव्हता. मी विचारलं, "त्याला काय सांगशील?"

"मी नाई सांगत," दादा म्हणाला. "तू सांगजो. का आत्यानं घेतली. आत्याले हे जुळवनं-गिळवनं समजत नाई, दुकानात चमकली ते उचलून आनली. अन् असंबी सांगजो का तुहा बाप मले लय बोलला. आमी जुळवून राह्यलो होतो, तुले कोनं सांगतलं होतं मधात पडाले, असा म्हने. कार्ड मागवलं आहे, आपली मशीन होनारच आहे, हे तोवर खेळाले." तो रस्त्याकडे पाहत होता. "मी सांगतलं त तो माह्या तोंडाकडे पाहीन. तुह्या तोंडाकडे नाई पाहनार. रोज पंचशील घेते आत्या, खोटं नाई बोलत, हे त्याले ठाऊक आहे. म्हनून तुलेच म्हनून राह्यलो. एवढं बोलजो वं बाई माह्यासाठी."