नकार कळवायला मी गेले

समोरचा फ्लॅट भाड्यानं बघायला आलेली अफगाण बाई परवा त्याच्या खिडकीत बराच वेळ उभी होती. देश सोडून आलेली, सोबत म्हातारे वडील. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग झाली. "माणसं चांगली असतील हो, पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांची भीती मला खोटी म्हणता येईना. माझ्याही घरात लहान मुलगी आहे. देशांच्या सीमांवरही हेच विचारत असतील, आणि तिथंही कुणीतरी माझ्यासारखं गप्प बसत असेल. काल सकाळी ती दोघं आली तेव्हा सोसायटीचा नकार कळवायला मीच गेले. ती अडखळत हिंदीत म्हणाली, "आप डरिए मत, हम जा रहे हैं." वडिलांना धरून ती जिना उतरू लागली. त्यांना पाणीसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.