पोटातले भाडेकरू

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकायचीच नाही. पण ही चुळबूळ हौसेची नव्हती. ऐन विशीत तिच्या मोठ्या आतड्याला सूज आली. कळ उठली की दार गाठेपर्यंत उसंत नसे, आणि वर रक्त पडायचं. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी तिची नजर संडास शोधायची, माणसं मागाहून.

लग्नानंतर ती एका रोपवाटिकेत लागली. पिशव्यांत खतमाती भरायची, वाफे भिजवायचे, कलमं बांधायची. चिखलात चपला रुतत, म्हणून सगळ्याजणी अनवाणीच वावरत. काही वर्षांत पोट हळूहळू गप्प झालं आणि औषधंही सुटली. ती म्हणायची, "हातांना काम मिळालं आणि पोटाला अक्कल आली."

मग तिला दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच टेकावं लागे. नवरा शिंपी होता. तो म्हणाला, "तोंड बघ आरशात, अस्तराच्या कापडासारखं पांढरंफटक पडलंय," आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. तपासणीत जंत निघाले. ओल्या मातीतून पायाच्या कातडीत शिरणारे, आतड्याला आकड्यासारखे चिकटून रक्त पिणारे. डॉक्टरीणबाईंनी जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. अंगात रक्त भरलं, गालांवर रंग आला. रोपवाटिकेच्या मालकानं सगळ्यांना गमबूट आणून दिले.

सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत जुनी कळ परत आली. कलम हातात धरलेलं असतानाच ती पळत सुटायची. परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा उठायची. एकदा जाऊ सहज बोलून गेली, "जंत होते तेव्हा बरी होतीस की गं!"

झालं, तो भुंगा डोक्यात शिरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्याजणी जेवायला गेल्यावर भिंगरीनं खताच्या ढिगामागे गमबूट काढले आणि ओल्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. हा उद्योग बरेच दिवस चालला. शेवटी घरी विसरलेला डबा घेऊन आलेल्या नवऱ्यानं तिला गाठलं.

"हे काय चाललंय?"

"त्यांना परत बोलावतेय."

"कुणाला?"

"जंतांना."

त्यानं कपाळावर हात मारला. तशीच, चिखलाच्या पायांनी, तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या मात्र नाहीत. "तुझा तर्क अगदीच फोल नाही," त्या म्हणाल्या. "जंताला आत तग धरायचा असतो. म्हणून तो शरीराच्या प्रतिकारशक्तीला थोपटून निजवतो. आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीसुद्धा त्याच्यामुळे बदलते. काही जणांची सूज त्यानं उतरल्यासारखी दिसलीय."

"मग द्या ना परत!"

"काहींची उतरत नाही, एखाद्याची वाढतेही. तुझी जंतांमुळेच दबली होती, की आपसूक, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. त्यांनी तुझं रक्त प्यायलं, हे मात्र नक्की."

"भाडेकरू ठेवायचाच," नवरा पुटपुटला, "तर भाडं देणारा तरी ठेवावा."

भिंगरीला हसू आलं नाही. "तुम्हाला काय जातंय बोलायला? पळावं मला लागतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पुन्हा तपासणी झाली. नवे जंत सापडले नाहीत. ती सुटली की हिरमुसली, हे तिचं तिलाही कळेना. सुजेचं औषध सुरू झालं. त्यानं आधी तोंड सुजलं, मग झोप उडाली. चिडून तिनं गोळ्या मध्येच सोडल्या, पुन्हा रक्त पडलं, पुन्हा मुकाट्यानं सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी मग औषध बदलून दिलं. मालकानं तिला शेडमध्ये बसून करायचं कलमांचं काम दिलं. "मला काय म्हातारी समजता?" म्हणून ती भांडली, पण गेली.

आता कळ पूर्वीइतकी येत नाही. अगदी थांबलीय असंही नाही. घेतलेलं कलम एका बैठकीत बांधून होतं. तरी पोटात जरा गुरगुरलं की तिचे हात थांबतात. शेडबाहेरच्या भिजलेल्या वाफ्यांकडे ती क्षणभर बघते, स्वतःशीच "चल, काहीतरीच!" म्हणते आणि पुढचं रोप उचलते.