नाना आणि उघड्या डोळ्यांची झोप

नाना ड्यूटीवर कधी खुर्चीत बसत नसत. आमच्या सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरसाठी एकच खुर्ची होती. नाना आले की आधी ती उचलून व्हरांड्यात नेत आणि पालथी घालत. मग पूर्ण शिफ्ट उभे, नाहीतर येरझाऱ्या. तपासणीला आलेले साहेब हे पाहून खूश होत. एकांनी तर 'कर्तव्यतत्पर' असा शेराही मारला. आम्हाला खरं कारण माहीत होतं. नानांना त्या खुर्चीची भीती वाटायची. "मास्तर, हितं बसलो की म्या संपलो," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना हसत नसत.

मास्तर म्हणजे मी. मी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. मी लाइनमन होतो, पण पिशवीत पकड-पान्यांबरोबर वाचनालयाचं एखादं पुस्तक असे, तेवढ्यावर ही पदवी मिळाली. बेंबळीच्या पुढे शिवारात आमचं सबस्टेशन होतं. मी खांबावर चढायचो आणि नाना वीज बंद-चालू करायचे. मी वर असेपर्यंत त्यांनी वीज चालू करायची नाही, एवढंच आमचं नातं. बाकी कशावरही भांडायला मोकळीक होती.

चार ऑपरेटरांच्या जागी तिघंच उरले होते. एक आठवडा रात्रीचा, एक सकाळचा, एक दुपारचा, आणि कुणाच्या घरी आजारपण निघालं की लागोपाठ दोन शिफ्ट. अंगाला एक वेळ मानवते न मानवते तोच आठवडा पालटायचा. "झोप येती तवा म्या ड्यूटीवर असतो," नाना म्हणत, "आन म्या घरी जातो तवा ती दुसऱ्याच्या घरला गेलेली असती."

दिवसा त्यांना झोपवायचा काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, फार प्रयत्न केला. खिडकीला सरकीची पोती लावली, दाराची कडी कापडात गुंडाळली, भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा गल्लीच्या तोंडालाच बंद करायला लावला. पण घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. गंमत अशी की गिरणीच्या आवाजानं नाना कधी जागे झाले नाहीत. गिरणी थांबली की मात्र दचकून उठत. वीज गेली, फिडर ट्रिप झाला, म्हणत पायात चप्पल अडकवून दारापर्यंत जात. शेवटी काकूंनी गिरणीवाल्याला विनवलं, "भाऊ, दळण नसलं तरी चालू ठेवता का हो?" तो म्हणाला, "काकू, मग माझं लाइट बिल नानांचं ऑफिस भरणार का?"

उपाय सांगायला सगळं गाव तयार होतं. जायफळ उगाळून झालं, तळपायाला तूप चोळून झालं. उमरग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी झोपा असं बजावलं. नानांनी शिफ्टचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. गोळीनं झोप आली खरी, पण ती ड्यूटीवर आली. नानांनी गोळ्या नाल्यात टाकल्या.

एकदा दुपारी मी परमिट घ्यायला गेलो. परमिट म्हणजे लाइन बंद आहे, आता खांबावर चढायला हरकत नाही, अशी ऑपरेटरची परवानगी. नाना टेबलापाशी उभे होते आणि हातातल्या कपाकडे एकटक बघत होते.

"काय झालं नाना? माशी पडली का?"

"मास्तर, ह्यो चहा कुणी केला?"

"तुमच्याशिवाय हितं हाय कोण?"

"त्येच म्हणतो. म्याच केला आसंल. साखर टाकली, गाळला, आर्धा प्यालो. आन मला त्यातलं कायबी म्हायती न्हाय."

मी हसलो. म्हणालो, चांगलंय की, आता झोपेतच दोन कप करत जा. नाना हसले नाहीत. त्यांनी कप हळूच खाली ठेवला आणि भिंतीवरच्या पॅनेलकडे बोट केलं. "चहाच्या जागी त्ये बटन आसतं तर?"

त्या दिवशी मी चढलो खरा, पण वर गेल्यावर तारेला हात लावण्याआधी दोनदा खाली बघितलं.

तेव्हापासून नानांनी स्वतःचा एक नियम काढला. कंट्रोल रूमबाहेरच्या यार्डात लाइन तोडणाऱ्या स्विचचं लांब लोखंडी हँडल असतं. ते खाली ओढलं की लाइन बंद, वर ढकललं की चालू. खाली ओढल्यावर त्याला कुलूप नानांनी लावायचं नाही, ज्याला चढायचंय त्यानं लावायचं, आणि किल्ली आपल्याबरोबर न्यायची. फोनवर परमिट बंद. बाकीचे लाइनमन वैतागले. एवढ्या लांबून गाडी मारत यायचं कशाला? एकानं टोमणा मारला, "नाना, ह्यो स्विच हाय का सासुरवाडीचा संदूक?" नाना म्हणाले, "संदूकच समज. पर किल्ली घेतल्याबिगर तुला चढू देनार न्हाय."

त्याच वर्षी सुरक्षा सप्ताहात नानांचा सत्कार झाला. मांडव घातला होता आणि बॅनरवर साहेबांचा फोटो जवळजवळ खांबाच्या उंचीचा होता. साहेब बोलायला उभे राहिले. आपले नाना डोळ्यांत तेल घालून काम करतात, असं ते म्हणत होते, आणि शेजारी शाल पांघरलेले नाना ताठ उभे होते. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांचे डोळे उघडे होते, पण पापणी हलत नव्हती. मी हात हलवला. त्यांना दिसलं नाही. मग हातातला नारळ निसटला, स्टेजवरून गडगडत साहेबांच्या बुटापाशी गेला. लोक हसले. नाना जागे झाले आणि घाईघाईनं टाळ्या वाजवू लागले. स्वतःच्याच सत्काराला. हा माणूस उभ्यानं, उघड्या डोळ्यांनी झोपतो, हे मी तेव्हा पाहिलं, आणि ते पाहणारा मांडवात मी एकटाच होतो.

पुढं उन्हाळ्यात शेजारच्या गावी चौकातल्या मोठ्या दिव्याचं उद्घाटन होतं, भर दुपारी. दिवा दुपारी लावायचा म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण पुढारी येणार होते. नेमका त्याच लाइनवरचा इन्सुलेटर फुटला. नाना रात्रपाळी करून घरी न जाता पुढच्या शिफ्टलाही थांबलेले होते. मी यार्डात कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गेलो. काम आटोपून परत आलो तर कंट्रोल रूम रिकामी. टेबलावर फोन वाजत होता.

नाना यार्डात होते. उन्हात, डोक्याला टोपी नाही. दोन्ही हातांनी ते हँडल वर ढकलत होते. कुलूप खडखडत होतं. ते थांबत, पाय रोवत आणि पुन्हा ढकलत. तळहाताची कातडी निघालेली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. ते माझ्याकडेच बघत होते आणि ढकलत होते.

"नाना!"

हात सुटले. बराच वेळ त्यांना मी कोण ते कळेना. मग म्हणाले, "उतरलास का?"

"हो."

"कवा?"

मी खिशातली किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी स्वतःचे तळवे पाहिले, हँडल पाहिलं, आणि तिथंच खडीवर बसले. "फोन आल्याला आठवतंय. लाइट सोडा म्हणले. व्हय साहेब म्हणलो. पुढचं न्हाय आठवत." त्यांचे दात वाजत होते. मीही त्यांच्या शेजारी बसलो. फोन आत वाजतच राहिला.

संध्याकाळी काकूंनी तळव्यांना हळद लावली. नाना म्हणाले, "मास्तर, माज्याविरुद्ध अर्ज लिही."

"मी? आणि तुमच्याविरुद्ध?"

"म्या दोनदा सांगून बगितलं, मला ह्या ड्यूटीवरनं काढा म्हणून. आत्ताच तर सत्कार झालाय म्हणत्यात. तू लिहिलं तर ऐकतील."

"नोकरी जाईल नाना."

"नोकरी गेली तर म्या घरी बसंन. तू गेल्यावर तुज्या घरी काय सांगू?"

मी निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या अक्षरात लिहा."

मी लिहिलं. चौकशी झाली. ती करायला आलेल्या साहेबांना जेवणानंतर डुलकी लागली होती, पण त्यांच्या हाताखाली कुणाच्या जिवाचं बटन नव्हतं. नोकरी वाचली. नानांना धाराशिवला गोदामात दिवसाच्या कामावर पाठवलं. जायच्या दिवशी शाल नव्हती, भाषण नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. पांढऱ्या व्रणांचा तो तळवा खरखरीत लागला. मग गाडीत बसले.

पुढं गुडघे गेल्यामुळं मला खांबावरून उतरवून ऑपरेटर केलं, उमरग्याकडे. तीच तीन पाळ्यांची चक्की. मी स्वतःला सांगत आलो की आपल्याला झोपेचा त्रास नाही, आपण वाचत बसतो.

परवा रात्रपाळी संपवून घरी आलो. मोटरसायकल अंगणात लावलेली, किल्ली हातात, हेल्मेट खुंटीला. रस्ता मात्र आठवेना. मधे हायवे आडवा ओलांडावा लागतो आणि सकाळी तिथं ट्रकांची रांग असते. मी कधी थांबलो, कधी निघालो, काहीच आठवेना. अंगणातच पायरीवर बसून नानांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुनाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मला सांगून काय व्हनार? म्या काय खांबावर चढतो का? चढतोय त्येला सांग."

इथं चढणारा इरफान. लग्नाला वर्षही झालेलं नाही. वर जाताना शीळ घालतो. मला चाचा म्हणतो आणि माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. आज माझी दुपारपाळी आहे, आणि तो परमिट घ्यायला येणार. काय सांगायचं ते मी सकाळपासून जुळवतो आहे, आणि गेटाबाहेर त्याची गाडी थांबल्याचा आवाज आत्ताच आला आहे.