पातळ औषध

सुखदेव खंडारे औषध डोळ्यांच्या रेषेत धरून मोजायचे. मापाच्या काचेवर अंगठ्याचं नख टेकवायचे, श्वास रोखायचे आणि औषध नखापर्यंत चढलं की हात थांबवायचे. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कोपरे उडवायचे, की आठ डोसांच्या खाचा तयार. पट्टी खळीने बाटलीला चिकटवली की खिडकीतून हात बाहेर. "हलवून घ्या बरं. न हलवता घेतलं तं वरचं पानी पोटात जाते अन् दवाई खालीच राह्यते." हे ते दिवसातून शंभरदा सांगत आणि शंभराव्या माणसालाही पहिल्यासारखंच सांगत.

अमरावतीच्या सरकारी इस्पितळात ते कंपाउंडर होते आणि मी परीक्षा पास होऊन त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकायला आलो होतो. दीक्षेनंतरचं दुसरं वर्ष असेल. चांदूर बाजाराकडच्या त्यांच्या गावातली सगळी वस्ती बौद्ध झाली होती, त्यांनीही घरातले देव उतरवले होते. आमचं घर भिक्षुकाचं. मी त्यांना 'खंडारेसाहेब' म्हणायचो आणि त्याचं मला स्वतःलाच फार कौतुक वाटायचं.

इस्पितळातल्या मोठ्या बरण्या विसाव्या-बाविसाव्या तारखेलाच तळ दाखवायच्या. पाणी वाढवून वेळ मारून नेणारे पुष्कळ असतात. खंडारे बरणी उपडी करून दाखवायचे. "संपली. खोटं देनार नाई." लोक चिडून शिव्या घालत आणि त्या ते निमूट ऐकून घेत. एकदा दुपारी खिडकी बंद केल्यावर मला म्हणाले, "मधुभाऊ, हितून निसता हात दिसते, मानूस दिसत नाई. पंधरा वर्सं दवाई देऊन राह्यलो, बाजारात एक जन मले ओळखत नाई. दुकानाचं तसं नसते. तिथं मानूस तोंडानं ओळखू येते."

अमरावतीत स्वतःचं औषधाचं दुकान आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी, एवढंच त्यांना हवं होतं. त्याबद्दल ते फार बोलत नसत, पण पाटीवरची अक्षरं निळी असावीत, हेसुद्धा त्यांचं ठरलेलं होतं.

माझ्यापुढेही तेव्हा दोनच वाटा होत्या. इस्पितळात राहायचं, नाहीतर अकोल्याला काकांच्या औषधाच्या दुकानात बसायचं. मी दुकान निवडलं. पण अकोल्याचे डॉक्टर लांबलचक मिश्रणं लिहून देत आणि ती एकट्याने करायची माझी छाती नव्हती. म्हणून मी खंडाऱ्यांच्या मागे लागलो. "चला माझ्याबरोबर. चार वर्षं दुकानदारी शिका, मग अमरावतीत आपली पाटी लावा." ते विचारात पडले. मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, माझ्यापुढे पाण्याचा गडू ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सरकारी नोकरी काहून सोडता? त्या खिडकीचा तुमाले राग येते, पन तिच्याच आड निभून राह्यलं." खंडारे हसले. "ते दिवस गेले आता." माझ्याकडे पाहून म्हणाले, "गेले ना, मधुभाऊ?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. गडूकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "पानी घ्या." मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलो." कुठचं पिऊन आलो होतो? सकाळपासून घशाला कोरड होती.

महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला.

अकोल्यातले पहिले दोन महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. खंडारे रोज इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरवर उभे राहत. लोक नावाने विचारत यायचे, 'खंडारे आहेत का?' आणि ते आतून "हावो" म्हणत बाहेर आले की चेहरा असा काही उजळलेला असायचा. मग एका सकाळी त्यांच्या गावचा एक म्हातारा दुकानात आला आणि मोठ्याने म्हणाला, "जयभीम, सुखदेव." खंडाऱ्यांनीही तितक्याच मोकळ्या आवाजात जयभीम घातला. काउंटरपाशी आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाई बाटली घेऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती बाटली परत आली. पट्टीवरच्या पहिल्या खाचेपर्यंतसुद्धा औषध उतरलेलं नव्हतं. आणणारा गडी म्हणाला, "बाईंनी सांगितलं, गोळ्या असतील तर द्या. पातळ नको." कुणी वावगा शब्द उच्चारला नाही, तोंडं सगळ्यांची गोडच होती. गोळ्या, मलम, पुड्या आमच्याकडून न्यायचे आणि पातळ औषधाची चिठ्ठी समोरच्या दुकानात जायची. पाण्याचा प्रश्न होता. पंधरवड्यात चिठ्ठ्या थांबल्या.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोरडं सगळं त्यांना करू दे. पाणी तेवढं तू ओत, आणि लोकांना दिसेल असं ओत." मी दिवसभर टाळाटाळ केली. संध्याकाळी सांगितलं. खंडारे पट्टी कापत होते. "हे काका म्हनतात का तुमी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काका." "अन् तुमी काय म्हनता?"

त्या वेळी मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, खंडारेसाहेब."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "बरं," म्हणाले.

त्यानंतर ते तराजूवर पूड तोलत, खलात घोटत आणि काच माझ्याकडे सरकवत. पाण्याच्या भांड्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी पाणी ओतायचो, तेही धसमुसळेपणाने, फेस यायचा. ते दुसरीकडे बघायचे. बाटली देताना 'हलवून घ्या' हे मीच सांगायला लागलो. दोन-चार महिन्यांची सात वर्षं झाली. मला लाज वाटत होती का? वाटत होती, रोज वाटत होती. पण लाज वाटते म्हणजे आपण माणूस बरे आहोत, अशी मी स्वतःची समजूत घालायचो आणि पाणी ओतायचो.

मधे एकदा ते अमरावतीला जाऊन इस्पितळात विचारून आले. त्यांची जागा केव्हाच भरली होती आणि नव्याने घ्यायला वय निघून गेलं होतं. पाटीचा विषय मी काढायचो नाही, त्यांनीही कधी काढला नाही.

पुढे कारखान्यातून भरलेल्या, झाकणबंद बाटल्या यायला लागल्या. वकिलीणबाई त्या कौतुकाने न्यायच्या. एकदा खंडाऱ्यांनी तसली बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. "मधुभाऊ, याच्यात पानी कोनं टाकलं, हे कोनी इचारत नाई." मी बाकीच्या बाटल्या फळीवर लावत राहिलो. आता घोटण्याचं कामही उरलं नव्हतं. ते स्टुलावर बसून उगाच पट्ट्या कापत, खाचा पाडत आणि संध्याकाळी केरात टाकत.

मग खोकला धरला, अंगात ताप मुरला. ते अमरावतीला परत गेले आणि त्याच इस्पितळात खाटेवर पडले. मी भेटायला निघालो तेव्हा स्वतः घोटून, मोजून खोकल्याचं मिश्रण केलं. डॉक्टरांचे उपचार चालूच होते, माझ्या बाटलीने काही होणार नव्हतं. तरी नेली. पट्टीसुद्धा त्यांच्यासारखीच कापली.

त्यांनी बाटली हातात घेतली, खाचांवरून नख फिरवलं. "सातच पाडल्या," म्हणाले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पानी कोनं टाकलं?"

"मी."

"मंग द्या," ते म्हणाले. "आमच्यात तुमच्या हातचं चालते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कौसल्याबाईंनी बाटली हलवली आणि त्यांना एक डोस पाजला.

चौथ्या दिवशी ते गेले. मला उशिरा कळलं. बडनेऱ्याला उतरून, पुढे उन्हातून चालत मी त्यांच्या घरी पोचलो. कौसल्याबाईंनी सतरंजी टाकली. कोनाड्यात माझी बाटली होती, औषध दुसऱ्या खाचेवर थांबलेलं. त्या शेवटच्या दिवसांचं सांगत होत्या, मी ऐकत होतो. घसा सुकून गेला होता. कोपऱ्यात माठ होता, माठावर तोच गडू पालथा घातलेला.

त्यांनी पाणी विचारलं नाही. मी मागायला हवं होतं, पण मागितलं नाही. तासाभराने उठलो आणि स्टेशनावर येऊन नळाचं पाणी प्यालो.