थोरली, धाकटी आणि शेपूट

धुक्यानं सकाळी समोरचा विजेचा खांबसुद्धा गिळला होता. पाटेवाल्यानं भट्टीत कोळसा टाकला, भात्याचं बटण दाबलं आणि हात शेकत उभा राहिला. जड गाड्यांच्या पोटाखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, ते पाटे. ओझ्यानं ते सपाट होतात. मग त्यांना तापवायचं, ठोकायचं, पुन्हा कमान द्यायची, हा याचा धंदा. उभा जन्म त्यात गेला म्हणून पाटेवाला. खरं नाव उरलं ते विजेच्या बिलावर.

पहिली पट्टी लाल होतेय तोवर धुक्यातून फटफटाट आला आणि दातांचा डॉक्टर थेट गॅरेजात घुसला. गाडीसकट. गाडी म्हणजे ती साइड-बाय-साइड : चार जाड चाकं, वर नळ्यांचा पिंजरा, ना काचा ना दारं, आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डोंगरातल्या वाटांवर उधळायची बग्गीच.

"घे." डॉक्टरनं किल्ली फेकली. "उद्या रविवारी हिला घेऊन ये. पटली तर ठेव. मी नवी घेतलीय."

"आणि नाही पटली तर?"

"न पटायला काय झालं? किती दिवस त्या थोरलीला कवटाळून बसणारेस? धाकटीला एकदा फिरवून तर बघ!"

थोरली कोपऱ्यात उभी होती. पाटेवाल्याचा ट्रक, चारही चाकांना जोर, मागे उघडा हौदा, पुढे दोघांपुरती केबिन. चिखलात रुतली तरी कुरकुर न करता बाहेर येणारी. तिचे पाटे त्यानं स्वतःच्या हातानं चढवले होते. त्यानं वाकून धाकटीच्या पोटाखाली पाहिलं. गुंडाळी स्प्रिंगा. पाटा औषधालाही नाही.

"हिच्यात माझ्यासाठी कामच नाही रे," तो म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो, बस आणि मजा कर," डॉक्टर हसला आणि दवाखान्याकडे पायीच निघाला.

रविवारची ही टोळी सुरू झाली तेव्हा सगळ्यांकडे ट्रकच होते. डोंगरात जायचं, चढायचं, अडकायचं, एकमेकांना ओढून काढायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. नियम एकच. फाटा आला की थांबायचं, मागची गाडी नजरेला पडली की मगच वळायचं. सगळ्यात शेवटी हत्यारांची पेटी घेऊन एक गाडी. तिच्या मागे कुणी राहता कामा नये. तिला शेपूट म्हणत. आणि शेपूट म्हणजे पाटेवाला, पहिल्या रविवारपासून.

लोकांना वाटे, कायम शेवटी राहायला मन मोठं लागतं. मन कसलं डोंबलाचं! शेजारी बायको असायची. पुढच्या प्रत्येक गाडीची ती निंदा करायची. "तुमचा डॉक्टर बघा, गिअर टाकतोय की दाढ उपटतोय?" थर्मासातला चहा झाकणात ओतून द्यायची आणि खड्डा आला की झाकण स्वतःच काढून घ्यायची. पुढचे धूळ उडवत गेले तरी या केबिनीत दोघांचं चालूच. शेवटी असणं म्हणजे काय, ते पाटेवाल्याला कळलंच नव्हतं.

ती गेली. आता तिच्या जागेवर हत्यारांची पेटी बसते. कुणी विचारलं तर तो सांगायचा, हौद्यात फार आदळते.

त्यात डॉक्टरनं नवी वाट शोधली. वाटेत दोन खडकांमध्ये चिंचोळी फट; तिला त्यानं नाव दिलं अक्कलदाढ. ट्रक तिथे मावत नाही. मग एकेकानं ट्रक विकून बग्ग्या घेतल्या. पाटेवाला अक्कलदाढेपर्यंत जायचा आणि खडकाच्या सावलीत बसून राहायचा, सगळे परतेपर्यंत. परतताना ते वरच्या गप्पा मारायचे, आणि हा न पाहिलेल्या गोष्टींवर मान डोलवायचा. अशा रविवारांना तो कंटाळला होता. वखारवाल्यानं ट्रक मागितला होता. सोमवारी सकाळी येतो म्हणाला होता. हा अजून हो म्हणाला नव्हता. घ्यावी धाकटी, म्हणजे टोळी तरी सुटायची नाही, एवढाच हिशेब.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, ती उघडी बग्गी घेऊ नका हं. ट्रकला निदान छप्पर आहे."

"हिला पिंजरा आहे. उलटली तरी माणूस आत शाबूत."

"आणि उलटी सरळ कोण करणार? पाऊस आला तर? बाजारहाट कशात करणार?"

"अगं, चार लोक असतात बरोबर."

"असतात ना नक्की?"

"असतात," तो म्हणाला, आणि भट्टी विझली का ते बघायला उठला. भट्टी मघाशीच विझली होती.

रविवारी धुकं लवकर उठलं. धाकटीला नावं ठेवायला जागा नव्हती. शेळीसारखी चढली. थोरली जिथे कण्हत कण्हत जायची, तिथे ही उड्या मारत गेली. फक्त शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा नळीवर सारखा आपटत होता, टण टण टण. शेवटी त्यानं थांबून तो पट्टा खुर्चीभोवती ओढला आणि नीट लावून टाकला, आत कुणी बसल्यासारखा. आवाज बंद झाला. गाडी सुरू करायला मग त्याला थोडा वेळ लागला.

अक्कलदाढेतून तो अंग न घासता पार झाला. पलीकडे उघडं पठार होतं, त्यावर गुडघाभर गवत, आणि वारा. एवढे रविवार खालून ऐकलेलं सगळं समोर होतं. त्यानं "बघ" म्हणून शेजारी हात केला. तो पट्ट्यावर पडला.

पुढे फाटा आला. दोन वाटा, दोन्हींवर चाकांच्या ताज्या खुणा. पुढच्या बग्ग्यांचे आवाज डोंगरात विरत चालले होते. फाटा आला की थांबायचं, या नियमानं त्याचा पाय ब्रेकवर गेला. इंजिन बंद करून तो मागे वळून बसला. मागची गाडी दिसली की निघायचं.

तो बसला. गवतात टोळ उडत होते. खडकाची सावली सरकत वाटेवर आली. त्यानं टायरमधले खडे काढले. मागून कुणी येईना. कुणी बिघडून तर नाही ना पडलं? हत्यारं तर आपण आणलीच नाहीत. उठून तो अक्कलदाढेपर्यंत चालत जाऊन आला. वाटेवर शेवटच्या खुणा त्याच्याच चाकांच्या होत्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मागे कुणी नव्हतंच. मागचा तोच होता.

तो एकटाच मोठ्यानं हसला. वाऱ्यानं हसू तोंडातून उचलून नेलं आणि मग फार शांत झालं. पुढचेही थांबलेले नव्हते. त्यांच्या फोनमध्ये नकाशे होते. तो वळून घरी आला.

दिवेलागणीला डॉक्टर पायीच आला, धुळीनं माखलेला.

"कुठे गडप झालास रे?"

"फाट्यावर थांबलो होतो."

"कशाला?"

"मागचा येईपर्यंत."

"मागे कोण होतं? शेपूट तर तूच ना!" डॉक्टर खो खो हसला. मग पाटेवाल्याच्या तोंडाकडे बघून हसणं आवरलं. "अरे, आम्हाला वाटलं तू मागे असशीलच. तू असतोसच."

"हो ना."

"चुकलं बाबा. पुढच्या रविवारी मी स्वतः थांबेन."

"थांबशील रे." पाटेवाल्यानं कपडा ओला करून धाकटीचा पिंजरा पुसायला घेतला. "गाडी गुणाची आहे. खोट काढायला जागा नाही."

"मग ठेवतोस?"

"नको. घेऊन जा."

डॉक्टरनं तोंड उघडलं, मिटलं. खुर्चीत पडलेले त्याचे पेशंट करत असतील तसं. "त्या ट्रकात एकटा काय करशील डोंगरात?"

"ठरवेन."

"खालच्या रुंद वाटेनं गेलास तर सांग. मी येईन." मग त्यालाच आपली टोळी आठवली. "म्हणजे, एखाद्या रविवारी."

"सांगेन," पाटेवाला म्हणाला. दोघांनाही कळलं की तो सांगणार नाही. निघताना डॉक्टरला शेजारच्या खुर्चीचा लावलेला पट्टा दिसला.  त्यानं तो सोडला नाही. तशीच गाडी घेऊन गेला.

सकाळी पुन्हा धुकं. वखारवाला कान मफलरात गुंडाळून आला.

"मग, थोरलीला सासरी पाठवायची ना आज?"

"नाही पाठवत."

"मग मला धुक्यात कशाला तंगडतोड करायला लावलीस?"

"चहा घेऊन जा."

चहा पिऊन, दोन शिव्या घालून वखारवाला गेला. पाटेवाल्यानं ट्रकचं दार उघडलं, शेजारच्या जागेवरची हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि हौद्यात नेऊन दोरीनं बांधली. पेटीखालचं आसन इतक्या दिवसांनी उघडं पडलं. चेपलेलं होतं, पेटीनं की तिनं, ते सांगता आलं नसतं. त्यानं तळहातानं त्यावरची धूळ झटकली आणि दार लावून घेतलं.

भट्टीत शनिवारची अर्धवट राहिलेली पट्टी होती. त्यानं भात्याचं बटण दाबलं, ती लाल व्हायची वाट पाहिली आणि हातोडा उचलला.