माहेरचा पत्ता

आमच्या अलकनंदावहिनींचा विश्वास कशावरच नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, भाजीवाल्याच्या तराजूवर नव्हता, डीटीसी बसच्या कंडक्टरवर तर नव्हताच. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघे भाऊ एकत्र राहायचो, दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत. मला ऑफिसातून यायला अर्धा तास उशीर झाला की वहिनी दारातच विचारायच्या, "श्रीरंगभावजी, आज कुठली मीटिंग?" मी त्यांना घरातली सीबीआय म्हणायचो. त्या म्हणायच्या, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. त्यांचं तोंड कधी कुठल्या दुधानं पोळलं होतं, देव जाणे. मला तर या स्वभावाचा भारी वैताग यायचा.

अठ्ठ्याऐंशी साली मात्र हाच स्वभाव त्यांच्या कामी आला. दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात, बाळंतपणाच्या विभागात, एक संशोधन सुरू झालं. गरोदरपणात रक्तदाब चढू नये म्हणून रक्त पातळ करणारी एक गोळी द्यायची होती. निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे घेणारीलाही ठाऊक नाही आणि देणारीलाही नाही. ती यादी सीलबंद पाकिटात, विभागप्रमुख लतिका मॅडमच्या कपाटात. शेवटी दोन्हीकडची बाळंतपणं ताडून बघायची, म्हणजे गोळी गुणाची की घाताची ते कळेल. त्यातून घ्यायच्या फक्त पहिलटकरणी. कँटोन्मेंटमधल्या मराठी जवानांच्या बायकांशी बोलायला मराठी बाई हवी होती, आणि वहिनी नर्सिंग शिकलेल्या होत्या; ते काम त्यांना मिळालं.

घरोघरी जाऊन गोळ्या संपल्या का, एवढंच विचारून यायचं काम. वहिनी तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हेत. त्या तांदळाच्या डब्यात हात घालायच्या, तुळशीच्या कुंडीतली माती उकरायच्या. हवालदार खंडेरावांच्या बायकोच्या, कृष्णाबाईच्या कुंडीत त्यांना अकरा गोळ्या सापडल्या.

"हे काय गं?" वहिनींनी विचारलं.

"ताई, कशाची गोळी हाय ती, तुमास्नी तरी ठावं हाय का?"

एकोणीस वर्षांची पोर. प्रश्न अगदी बरोबर होता. पण वहिनी तिला रागावल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी दिलीय, तुझ्या भल्याचीच असणार, म्हणाल्या, आणि समोर बसवून गोळी गिळायला लावली. पुढं दर आठवड्याला त्या मुद्दाम तिच्या क्वार्टरवर जायच्या आणि तिनं गोळी घेतल्यावर तिला तोंड उघडून दाखवायला सांगायच्या. घरी येऊन मला ते कौतुकानं सांगायच्या.

प्रत्येकीचा माहेरचा पत्ताही त्या आपल्या वहीत लिहून घेत. फॉर्मात त्याला जागा नव्हती. नवऱ्याची बदली होते, माहेरची नाही, असं त्यांचं म्हणणं. सातव्या महिन्यात ओटी भरून एकेक पोर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे निघाली. कृष्णाबाईही गेली. वहिनींनी प्रत्येक फॉर्मावर लिहिलं, 'माहेरी गेली', आणि शेवटचं पान कोरं ठेवलं.

मार्चमध्ये अहवाल पाठवायचा म्हणून फॉर्म तपासायला वहिनींकडे आले. कँटोन्मेंटच्या एक्केचाळीस फॉर्मांची शेवटची पानं भरलेली होती. बाळंतपण याच इस्पितळात, सुखरूप. बाळाचं वजन पावणेतीन किलो, दोन किलो आठशे, पुन्हा पावणेतीन. संध्याकाळी वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भावजी, आई जिवंत असताना आपली कुठली मुलगी पहिलं बाळंतपण दिल्लीत करून घेईल?"

"एखादी घेईलही," मी म्हणालो.

"एक्केचाळीस?"

ती पानं भरली होती विभागाच्या ऑफिसातल्या कारकुनानं, श्यामनं. तो पानिपतचा, कामसू माणूस. त्याच्या घरी सुनेचं पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं. माहेरी गेली म्हणजे चार दिवस राहून परत आली असणार, असं त्यानं धरलं. वहिनींनी विचारलं तर सरळ म्हणाला, "दीदी, फॉर्म खाली कैसे भेजते? पहला बच्चा ससुराल में ही होगा ना." वजनं त्यानं अंदाजानं टाकली होती.

वहिनींनी एक्केचाळीस अंतर्देशीय पत्रं लिहिली. तीन आठवड्यांत सव्वीस उत्तरं आली. बहुतेक ठिकाणी सगळं ठीक होतं. पाच जणींना अतोनात रक्तस्राव झाला होता. त्यातलं एक पत्र कृष्णाबाईच्या आईनं, हौसाबाईनं, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. लेक वाचली, मूल मेलेलं जन्मलं, मुलगा होता, एवढंच त्यात होतं. वहिनींनी ते मला वाचायला दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या पत्रांचा गठ्ठा घेऊन मॅडमकडे गेल्या. मॅडमनी खोटं झाकलं नाही, हे सांगायलाच हवं. ते एक्केचाळीस फॉर्म त्यांनी बाजूला काढले, श्यामला कामावरून कमी केलं, पाकीट फोडून कृष्णाबाईचा नंबर शोधला आणि यादी वहिनींसमोर धरली. तिची गोळी खोटी होती. तिच्यात औषधच नव्हतं.

संध्याकाळी हे ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकला. "वहिनी, झालं तर मग. तुमचा काही दोष नाही."

"यादी त्याच विभागातली ना?" वहिनी म्हणाल्या. "श्यामनं भरलेले फॉर्मही तिथलेच."

"आता मॅडमवरही संशय?" मी चिडलो.

"संशय घ्यायचा तेव्हा घेतला नाही, भावजी."

दिवाळीनंतर कृष्णाबाई क्वार्टरवर परत आली. वहिनींना एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. पोर वाळून गेली होती. तिनं आम्हाला चहा दिला, खंडेरावांच्या ड्यूटीबद्दल चार शब्द बोलली, आणि मग मान खाली घालून विचारलं, "ताई, माझी गोळी खरी हुती का खोटी?"

खोटी होती, एवढे दोन शब्द. मी मनातल्या मनात वहिनींना विनवत होतो, बोला, दोघीही सुटाल.

वहिनींनी कप खाली ठेवला. "कागदावर खोटी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "पण खरं काय, मला माहीत नाही गं."

कृष्णाबाईनं वर बघितलं. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"तवाबी ठावं नव्हतं. मग मला खा म्हणून का म्हनलासा?"

कपातला चहा निवून गेला. आम्ही उठलो तेव्हा कृष्णाबाई दारापर्यंत पोचवायला आली. दाराशी तीच तुळशीची कुंडी होती. वहिनी कुंडीकडे न बघता पायऱ्या उतरल्या.