सात लेकरांची बाई

आलापल्लीत माझ्या आईला, सत्यशीलाबाईला, सगळे ‘सात लेकरांची बाई’ म्हणून ओळखत. वडील लाकूड कापायच्या आरागिरणीवर कामाला होते, आई मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. घरी पंगत दोनदा बसे. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी नर्सबाई दारी आली की आई तिला चहा द्यायची आणि म्हणायची, “देवानं देले, म्या घेतले. कोनाले उपाशी ठेवलं का?”

२००३ च्या जानेवारीत चर्चमध्ये तीन दिवसांच्या सभा होत्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “मुलं हा प्रभूचा आशीर्वाद आहे. ऑपरेशन म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.” मग त्यांनी आईला उभं केलं. “पाहा, सात! याला म्हणतात विश्वास!”

टाळ्या पडल्या. आईच्या शेजारी चर्चच्या गाणाऱ्यांतली रूथ बसली होती. तिने मान खाली घातली. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुढचं मूल जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोमवारी गडचिरोलीला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. पुरुषांच्या बाजूला तिचा नवरा लटारू बसला होता. त्यानेही नजर चुकवली.

आई खाली बसलीच नाही.

“पास्टर, माह्या लेकरायचं नाव घेऊन या पोरीले भेव दाखवू नका. मले सात झेपले. हिच्या तिघायले माय पाह्यजे. तेबी देवाचंच देनं हाये.”

“बाई, विश्वास ठेवा. देव सांभाळतो.”

“विश्वास हाये मले. पन त्या बाळंतपनात हिचं डोकं माह्या मांडीवर होतं. तुमी नव्हते.”

तेव्हा आमच्या चर्चचे पाळक उठले आणि त्यांनी रूथसाठी प्रार्थना केली. लटारूने मोठ्याने आमेन म्हटलं.

मंडळीतले दोन म्हातारे पुढे कित्येक आठवडे आईशी बोलले नाहीत. तिने ते मनावर घेतलं नाही. सोमवारी ती रूथ आणि लटारूसोबत एसटीत बसली. रूथची तान्ही पोर सांभाळायला मीही होते. वाटेत रूथने विचारलं, “काकू, मंग तुमाले सात काऊन?”

“मले आवडतात म्हनून!” आई इतक्या जोरात हसली की कंडक्टरने वळून पाहिलं.

ऑपरेशन नीट झालं. ईस्टरला रूथ पुन्हा गाणाऱ्यांत उभी राहिली.

पुढच्या वर्षी तेच प्रचारक आले. पाळकांनी त्यांचं जेवण आमच्याच घरी ठेवलं. त्यांनी तो विषय काढला नाही, आईनेही नाही. अंबाडीची भाजी वाढताना तिने एवढंच सांगितलं, “रूथची धाकटी चालाले लागली, पास्टर. उद्या येईल चर्चमंदी, पाहून घ्या.”